कीड बारमाही, उपाय मात्र सणापुरते

गणपतीच्या आधी घर झाडायचे, शिमग्याच्या आधी पुन्हा एकदा झाडायचे, आणि मधल्या काळात घरातल्या किडीकडे बघायला सवड नाही, असे आपले कोकणातले वर्ष जाते. उंदीर, वाळवी, डास, झुरळ, ढेकूण यांना मात्र सणवार नसतो. आपण वर्षातून दोनदा जागे होतो, आणि जागे झालो की घाईघाईने हाताला लागेल ते विष घरात आणतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, नुकसान दोन्हीकडून होते. आळसाने कीड वाढते आणि घाईने माणूस जातो. म्हणून घरातल्या किडीचा विचार शेतातल्या किडीइतक्याच गांभीर्याने आणि बाराही महिन्यांसाठी करायला हवा.

घाटावर थंडी आणि कोरडा उन्हाळा किडीला थोडा तरी लगाम घालतात. आपल्याकडे तसे नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, समुद्राची दमट हवा, आणि थंडी म्हणजे पौषातली चार दिवसांची हुडहुडी. किड्याला ऊब लागते, ओल लागते आणि खाणे लागते. या तिन्ही गोष्टी आपल्या घरात वर्षभर हजर असतात. त्यात भिंती मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या, वर कौले, आत लाकडाचे वासे, माळ्यावर लाकूडफाटा आणि पडवीला लागून गोठा. स्लॅबचे घर बांधले म्हणून सुटका होते असेही नाही. तिथे गच्चीवरची उघडी टाकी आणि संडासाच्या टाकीचा उघडा पाइप डासांची सोय करून ठेवतात.

वर्षाचे वेळापत्रक

शेतीला जसे वेळापत्रक असते तसे या कामालाही हवे. सुरुवात चैत्र-वैशाखात करावी. कडक ऊन हे आपल्याला फुकट मिळणारे औषध आहे. गाद्या, गोधड्या, बाजा अंगणात काढाव्यात. ढेकूण महिनोन्महिने रक्तावाचून जगतो, त्यामुळे खोली बंद ठेवून तो मरत नाही. बाजेच्या सांध्यांत, खाटेच्या भोकांत उकळते पाणी ओतावे आणि आठ-दहा दिवसांनी परत ओतावे, कारण पहिल्या खेपेला सुटलेल्या अंड्यांतून तोवर पिल्ले बाहेर आलेली असतात.

कौले चाळायला माणूस वर चढतोच. त्याच वेळी वासे आणि पाटया कोयत्याच्या मुठीने ठोकून बघाव्यात. आवाज पोकळ आला की आत वाळवी बसली असे समजावे. भिंतीवरची मातीची नळी पुसून टाकली म्हणजे वाळवी गेली, हा गैरसमज आहे. नळी हा तिचा रस्ता. घर जमिनीत असते आणि राणी तिथे अंडी घालत असते. लाकडाचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नका, तो दगडांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचा. पावसाचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना आणि लाकडाला लावायची आपल्याकडची जुनी रीत चांगलीच आहे. फक्त ते तेल कातडीवर पडले तर फोड येतात, तेव्हा हात झाकूनच लावावे. नवीन घर बांधणाऱ्यांनी पाया भरतानाच वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करून घ्यावी. तिच्यासाठी 'आयएस ६३१३' हे भारतीय मानक आहे. बांधलेल्या घराचीही पद्धत त्यात दिली आहे. ठेकेदाराला त्याचे नाव घेऊन विचारा, म्हणजे नुसता वास मारून पैसे नेणारा कोण ते कळेल.

मृगाचा पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते. ती कुठून निघाली ते त्याच संध्याकाळी पाहून ठेवा. घराच्या आतून निघाली असेल तर वारूळ पायाखालीच आहे. मग दिवाळीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

पावसात खरी लढाई डासांशी. डेंगीचा डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाण्याशिवाय महिनोन्महिने टिकतात. पिंप घासूनच कोरडे करायला हवे. परसात एक फेरी मारा. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, जुने टायर, ताडपत्रीच्या घड्या, उघड्यावरची होडी, रबराच्या बागेतल्या चिकाच्या वाट्या, सगळीकडे डासांचे पाळणे हलताना दिसतील. जी टाकी उपसता येत नाही तिच्यात गप्पी मासे सोडा, संडासाच्या पाइपला जाळी बांधा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते दर आठवड्याला करावे लागते, आणि गोम तिथेच आहे.

लावणीच्या दिवसांत बांधातली बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर घर-गोठ्याचा आसरा धरतो. त्याच्या मुतातून लेप्टोचे जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या साध्या चिरेतून अंगात शिरतात. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय किंवा गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली की 'सर्दी-पडसं असेल' म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. प्रतिबंधाची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची.

भातकापणी झाली की शेतातला उंदीर घराकडे वळतो. उंदराचा गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. आज दिसलेली जोडी शिमग्यापर्यंत किती होईल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि उंदीर आला की त्याच्या मागे नाग, धामण येणारच. भाताची उडवी घरापासून लांब रचा. करंगळी जाईल एवढे भोक उंदराच्या पिलाला पुरते, म्हणून कौलांखालच्या फटी बारीक जाळी आणि सिमेंटने बुजवा. पिंजरा लावताना पहिले दोन-तीन दिवस तो उघडाच ठेवून खाणे द्या. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, सवय झाली की सापडतो. धान्य कणगीत भरण्याआधी इतके वाळवा की दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की सोंडे आणि टोके यांना वाढायला जड जाते. कणगी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका.

थंडीपासून वळिवापर्यंत दक्षिणेकडच्या गावांनी गोचिडाकडे लक्ष द्यावे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप आला, तो गोचिडामुळे. जंगलातला पातेरा घरालगत साठवू नये, जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात घालावेत आणि माकड मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. लाकडांच्या आणि चिऱ्यांच्या ढिगात विंचूही असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवून दाखवले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

शेतातले विष घरात नको

आता सगळ्यात महत्त्वाचे. शेतावरचे औषध घरात वापरणे ही आपल्याकडची सर्वांत घातक सवय आहे. 'जरा कडक मार, एकदाच जाईल' असे सांगणारा शेजारी प्रत्येक वाडीत भेटतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. मोकळ्या हवेत जे माणसाला मारते ते बंद खोलीत, पाळण्याशेजारी काय करील?

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. आपल्या दमट हवेत तर तो लगेच सुटू लागतो. हा वायू फटीतून, माळ्यावरून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसाला घेऊन जातो. त्यावर उतारा नाही. या गोळ्यांच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारने २००१ सालीच बंदी घातली. माणसे झोपतात त्या घरात, ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी, ही गोळी कधीही ठेवायची नाही. दुकानदाराने सुटी गोळी पुडीत बांधून दिली तर ती परत करा.

तशीच उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. दिसायला दात घासायच्या पेस्टसारखी, म्हणून पोरे तोंडात घालतात. खाल्ल्यावर एखाद-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. 'आता बरा आहे' म्हणून घरी आणलेले मूल असे हातचे जाते. ढेकणांवर वर्षानुवर्षे मारले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरून संपवू नका.

औषध घेताना डब्यावरचा त्रिकोण बघायला शिका. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याचे घरात काम नाही. सरबताच्या बाटलीत औषध ओतून ठेवू नका. कुणाच्या पोटात विष गेलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल.

पंचायतीचे काम

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही दोन शब्द. गावात ताप आला की धुराचे मशीन फिरवायचे, फोटो काढायचा आणि काम झाले म्हणायचे, ही रीत सोडली पाहिजे. धूर त्या घटकेला उडणाऱ्या डासाला लागला तर मारतो. पाण्यातली अळी जिवंत राहते आणि आठवड्यात नवा डास उडतो. धूर लोकांना दिसतो, अळी दिसत नाही, म्हणून मागणी धुराची होते. साथ आली तर धूर हवाच, पण तो शेवटचा उपाय आहे. आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर टाक्या तपासतात तेव्हा पंचायतीचा सदस्य बरोबर असला की लोक दार उघडतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तर प्रत्येक गावात आहे. तिची बैठक पावसाआधी घ्या, कोरड्या दिवसाचा वार ठरवा आणि ग्रामसभेत जाहीर करा. उंदीरही एकट्या घराने हटत नाही. एकाने पिंजरा लावला तर उंदीर शेजारी जातो. सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात काम केले तरच फरक पडतो.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न म्हणजे बंद घरे. चाकरमानी मुंबईला, घराला कुलूप, किल्ली शेजाऱ्याकडे. त्या घरात वाळवी वासे खाते, उंदीर पिल्ले घालतो, मागच्या दारच्या टाकीत डास वाढतात, आणि त्रास होतो तो शेजारच्या म्हातारा-म्हातारीला. मग मालक चतुर्थीच्या आदल्या रात्री येतात, खोल्याखोल्यांत विष फवारतात आणि दारे लावून तिथेच पोरांना घेऊन झोपतात. चाकरमानी बंधूंनो, किल्ली ठेवता तशी वर्षाच्या झाडलोटीची मजुरीही ठेवा. जाण्यापूर्वी टाक्या उपसून पालथ्या करा आणि धान्याचा दाणा मागे ठेवू नका. महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून वारा-ऊन खेळू द्या. यायच्या आठ दिवस आधी घर साफ करवून घ्या, म्हणजे रात्रीच्या घाईच्या विषाची गरजच पडणार नाही.

यात काही मोठा खर्च नाही. जाळी, सिमेंटची एक गोण, चुलीवरचे उकळते पाणी, खराटा आणि आठवड्यातला अर्धा तास. किडीला आपण उपाशी ठेवले, कोरडे ठेवले आणि थारा दिला नाही, तर विषाची वेळ क्वचितच येते. येत्या रविवारी घराभोवती एक फेरी मारा, काय काय दिसते ते कागदावर लिहा आणि त्यातले एक काम त्याच दिवशी उरका. पुढच्या रविवारी दुसरे.