‘स्थानिक’ म्हणजे नक्की कोण?

सकाळी गडबच्या नाक्यावर उभे राहा. मुंबई-गोवा हायवेवरून कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जाताना दिसतील. शेजारीच डोलवीचा स्टील प्रकल्प, पुढे नागोठणे, त्याच्याही पुढे रोह्याजवळची धाटाव एमआयडीसी. आणि त्याच नाक्यावर पेणला नाहीतर अलिबागला कॉलेजात जायला एसटीची वाट बघत तुम्ही. घरातून निघताना नेहमीचा प्रश्न कानावर पडलेला असतो, ‘मग, कंपनीत कधी लागतोस?’

कंपनी गावाच्या उशाला आहे, म्हणजे नोकरी आपलीच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ‘भूमिपुत्रांना 80 टक्के नोकऱ्या’ हे तर दर निवडणुकीत ऐकायला मिळतं. ते खोटंही नाही. राज्य सरकारचा तसा आदेश आहे, 17 नोव्हेंबर 2008 चा. पर्यवेक्षक पदांवर किमान 50 टक्के आणि इतर पदांवर किमान 80 टक्के स्थानिक लोक घ्यावेत, असं तो सांगतो.

पण या आदेशातला ‘स्थानिक’ कोण, हे तुम्ही कधी वाचलंय? किमान 15 वर्षं महाराष्ट्रात राहिलेली व्यक्ती. गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नावसुद्धा नाही. नागपूरचा, कोल्हापूरचा आणि गडबचा, तिन्ही मुलं सारखीच स्थानिक. उद्या एखाद्या कारखान्यानं शेजारच्या गावातून एकही माणूस घेतला नाही, तरी कागदावर 80 टक्के पूर्ण होऊ शकतात.

गैरसमज नको. नागपूरच्या मुलाशी आपलं भांडण नाही. तुम्हालाही उद्या पुण्याला किंवा बंगळूरला जावंसं वाटेल, तेव्हा तिथल्यांनी दार लावून घेतलं तर चालेल का? म्हणून ‘आमच्या गावात फक्त आम्हालाच’ अशी मागणी मला पटत नाही. हिशेब मात्र मागायलाच हवा, कारण यात आपला पैसा आहे.

सरकार मोठ्या उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेतून सवलती देतं. जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात सूट. हे सगळं कशासाठी? तर रोजगारासाठी. मग किती कोटींची गुंतवणूक आली याची जशी बातमी होते, तशी सवलत घेणाऱ्या कारखान्याच्या आसपासच्या गावांतली किती मुलं-मुली कामाला लागली, त्यातली किती कायम, किती कंत्राटी, हेही दरवर्षी गावात लागायला हवं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सगळ्यांना वाचता येईल असं. खाऱ्या हवेचा आणि धुळीचा हिशेब जर गावच्या नावावर पडतो, तर नोकऱ्यांचा का नको?

सरकारची दुसरी मदत थेट आपल्या हातात येते. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तुम्हाला माहीत असेलच. बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढून अकरा. अनुभव मिळतो, खिशात चार पैसे येतात, छान. पण बारावा महिना उजाडला की काय? ज्यांनी हीच नोकरी समजून बाकीचे प्रयत्न थांबवले, ते पुन्हा नाक्यावर आले. तेव्हा विद्यावेतन घ्याच, पण त्या काळात पुढची तयारी बंद ठेवू नका.

आणि एक योजना अशी आहे, जिची कॉलेजच्या कट्ट्यावर चर्चाच होत नाही. 2019 पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. समजा 10 लाखांचा व्यवसाय उभा करायचाय. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान, म्हणजे अडीच लाख. स्वतःचे 10 टक्के, म्हणजे एक लाख. उरलेले साडेसहा लाख बँकेचं कर्ज. महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा गटांना अनुदान 35 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. शहरात हेच अनुदान कमी आहे. म्हणजे गावात राहण्याचा इथे चक्क फायदा आहे!

खरी अडचण बँकेच्या काउंटरवर येते. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून पुढे जातो, पण कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. त्यामुळे इथेही ‘इतके अर्ज आले’ या आकड्यानं भुलायचं नाही. कर्ज किती जणांना मिळालं आणि तीन वर्षांनी किती व्यवसाय चालू आहेत, हे विचारायचं. असे व्यवसाय चालतात का, ही शंका असेल तर आपल्याच तालुक्यातलं हमरापूर-जोहे बघून या. गणपतीच्या कारखान्यांनी तिथे घराघरात काम नेलंय, आणि त्यासाठी कुणी परिसंवाद भरवला नव्हता.

तर मग करायचं काय? तुमचं वय अठरा झालंय आणि मतदार यादीत नाव आहे, म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना साधारणपणे ग्रामसभा असते. सुट्टी म्हणून झोपून काढू नका. नोकऱ्यांच्या हिशेबाचा ठराव मांडा. सोबत अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवस. आमच्या भागात कोणत्या कारखान्यांना सवलती मिळाल्या, त्यांनी स्थानिकांचे कोणते आकडे कळवले आणि रोजगार निर्मिती कार्यक्रमात किती जणांना कर्ज मिळालं, इतकंच विचारा.

उत्तर आलं की ते गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. घरी ‘कंपनीत कधी लागतोस’ असं पुन्हा विचारलं, तर तोच कागद त्यांच्यासमोर ठेवा. त्यांनाही कळू दे की हा प्रश्न एकट्या पोराला विचारायचा नाही.