बिस्किटाच्या पुड्याचें वजन कोण ठरवितो ?

विलेपारलें स्टेशनावर गाडी थांबली कीं, पेंगणाऱ्या उतारूसही आपण कोठें आलों हें नाकानें कळत असे. पूर्वेकडील बिस्किटांच्या कारखान्याचा तो खरपूस वास २०१६ सालीं थांबला. कारखान्याचें वय तेव्हां सत्त्याऐंशी वर्षांचें होतें. तेथें जन्मलेला पुडा मात्र अंधेरीच्या चहाच्या टपरीपासून थेट खेड्यांतील वाण्याच्या दुकानापर्यंत आजहि खपतो. सर्व जिन्नस महागले असतां हा पुडा वर्षानुवर्षें चार-पांच रुपयांस बांधलेला राहिला, ह्याबद्दल व्यापारशास्त्राचे पंडित कंपनीच्या चातुर्याची तारीफ करितात. चातुर्य आम्हीहि नाकारीत नाहीं. परंतु पुड्याची किंमत व आंतील वजन हीं कंपनीच्या दिवाणखान्यांत जितकीं ठरतात, त्याहून अधिक दिल्लीच्या सचिवालयांत, परदेशच्या बंदरांत व सरकारच्या टांकसाळींत ठरतात. कंपनी ह्या सर्वांशीं जुळवून घेते. ज्यास जुळवून घेण्यास कांहींच साधन नाहीं, तो गिऱ्हाईक.

इतिहास पाहावा. मोहनलाल दयाल चौहान ह्यांनीं १९२९ सालीं पार्ल्यास कारखाना काढला तो गोळ्या-मिठाईचा. बिस्किटें त्यानंतर दहा वर्षांच्या आंतबाहेर आलीं. विलायती बिस्किटें साहेबाच्या व श्रीमंतांच्या टेबलावर होतीं. देशी मालाविषयीं लोकांत जी आवड स्वदेशीच्या चळवळीनें उत्पन्न केली होती, तिचा आधार नसतां स्वस्त देशी बिस्किटास गिऱ्हाईक इतक्या लवकर मिळतें ना. पुढें ग्लुकोजच्या बिस्किटांस इतके नक्कलकार निघाले कीं, १९८० च्या दशकांत पुड्याचें नांवच 'पारले-जी' असें करावें लागलें. वकिली दृष्टीनें ही गोष्ट मौजेची आहे. 'ग्लुकोज' हें पदार्थाचें नांव. त्यावर एकाची मालकी कोणतेंही न्यायासन सहसा मान्य करणार नाहीं. सबब जें नांव आज मोठ्या कल्पकतेचें मानलें जातें, त्याच्या मुळाशीं व्यापारचिन्हाच्या कायद्याची अडचण होती.

ह्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची हकीकत तर ह्याहून बोलकी आहे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानें परदेशी भांडवलावर मर्यादा घातली. १९७७ सालीं कोका-कोला कंपनी देश सोडून गेली, आणि रिकाम्या झालेल्या बाजारांत त्याच वर्षीं पार्लेकरांचें 'थम्स अप' अवतरलें. १९९१ नंतर सरकारचें धोरण फिरलें, परदेशी कंपनी परत आली, व १९९३ सालीं रमेश चौहान ह्यांनीं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हीं नांवें तिलाच विकून टाकिलीं. ज्या कायद्याच्या सावलींत झाड वाढलें, ती सावली हटतांच मालकानें झाड विकलें. राष्ट्रीय अभिमानास ही गोष्ट रुचत नाहीं. आम्हांसहि रुचली नाहीं. परंतु दोष एकट्या विकणाऱ्यास देणें अन्यायाचें होईल. वर्षानुवर्षें स्पर्धा दाराबाहेर ठेवून मग एकाएकीं दार सताड उघडणारें धोरण त्यांनीं आंखलेलें नव्हतें.

आतां मूळ पुड्याकडे वळूं. शंभर रुपये किलोहून अधिक भाव नसलेल्या बिस्किटांस पूर्वीं अबकारी करांत सवलत असे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मजुराचें ग्लुकोज बिस्किट व श्रीमंताचें मलईदार बिस्किट हीं दोन्ही अठरा टक्क्यांच्या एकाच दावणीस बांधलीं गेलीं. २०१९ च्या ऑगस्टांत कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं उघड सांगितलें कीं, ह्या करामुळें पुड्यांत बिस्किटें कमी घालावीं लागत आहेत, आणि मागणी अशीच घटत राहिली तर दहा हजारांपर्यंत नोकऱ्या जातील. त्यानंतर २०२२ सालीं युक्रेनांत युद्ध पेटलें. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली. आपला देश खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणतो. तेव्हां जाकार्ताचा हुकूम घाटकोपरच्या पुड्यांत उतरणें क्रमप्राप्तच होतें. एकेकाळीं चार रुपयांत शंभर ग्रॅम मिळत. पुढें पांच रुपयांत त्याच्या निम्म्याच्या आसपास उरले. किंमत हालली नाहीं असें जें म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

२२ सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारनें बिस्किटांवरील कर अठरावरून पांच टक्क्यांवर आणला. निर्णय स्तुत्य खरा, पण हिशेब करून पाहावा. पांच रुपयांच्या पुड्यांत माल ४ रुपये २४ पैशांचा व कर ७६ पैसे होता. नव्या दरानें तोच पुडा ४ रुपये ४५ पैशांस पडला पाहिजे. पंचेचाळीस पैसे द्यावयाचे कसे ? पन्नास पैशांखालील नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून गेलीं. मोबाईलवर पैसे देणारास पंचेचाळीस पैसे अशक्य नाहींत. परंतु आईनें दिलेलें नाणें मुठींत घेऊन दुकानीं जाणाऱ्या पोराजवळ मोबाईल नसतो. दुसरा मार्ग, किंमत तीच ठेवून वजन सुमारें बारा टक्के वाढविणें, म्हणजे पन्नास ग्रॅमांच्या जागीं छप्पन ग्रॅम देणें. कित्येक कंपन्यांनीं हाच मार्ग बोलून दाखविला.

येथें खरा कायद्याचा प्रश्न उद्भवतो. करकपातीचा लाभ किंमत उतरवून गिऱ्हाइकास दिलाच पाहिजे, असें केंद्रीय वस्तु व सेवा कर कायद्याचें कलम १७१ सांगतें. जानेवारी २०२४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें हें कलम घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें एका जुन्या प्रकरणांत असेंही म्हटलें कीं, किंमत तीच ठेवून माल वाढविणें म्हणजे लाभ दिला असें होत नाहीं. तत्त्व निर्दोष आहे. नाण्यास बांधलेल्या मालापुरती त्याला मुरड घालावी लागेल, असें आमचें नम्र मत आहे. परंतु हा वाद नेण्याचा दरवाजा कोठें आहे ? कलम १७१ खालीं तपासाचें काम २०१७ सालीं एका खास प्राधिकरणाकडे दिलें, २०२२ च्या डिसेंबरांत स्पर्धा आयोगाकडे गेलें, ऑक्टोबर २०२४ मध्यें अपील न्यायाधिकरणाकडे गेलें, आणि १ एप्रिल २०२५ पासून नवी तक्रार घेणेंच बंद झालें ! म्हणजे कर उतरण्याच्या सहा महिने आधीं पहारेकऱ्यास रजा दिली. कंपन्या सगळ्याच लबाड आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. स्पर्धेच्या भीतीनें पुष्कळ जणी लाभ देतीलहि. पण दिला कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क त्यांच्या मर्जीवर कां असावा ?

वजनाची गोष्टहि अशीच. २०११ च्या नियमांप्रमाणें बिस्किटांचे पुडे कोणकोणत्या वजनांचे असावे हें ठरलेलें होतें. २०२१ च्या दुरुस्तीनें तें बंधन काढलें व बदल्यांत दर ग्रॅमामागें किंमत छापण्याची अट घातली. अट चांगली, पण ती पुड्याच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत पाळली जाते. फ्रान्सांत १ जुलै २०२४ पासून, माल घटवून दर चढविला असेल तर मोठ्या दुकानदारांस दोन महिने तशी पाटी मालाजवळ लावावी लागते. आमच्याकडे ही सूचना पुड्याच्या दर्शनी बाजूवरच मोठ्या अक्षरांत छापण्यास भाग पाडावें, आणि कलम १७१ खालील तक्रारींस निदान करबदलानंतरचे दोन वर्षेंपर्यंत दार उघडें ठेवावें, अशी आमची सरकारास सूचना आहे. ह्यांत कारखानदारावर नवा कर नाहीं कीं किंमतीचें नियंत्रण नाहीं.

सरकार हें आपण होऊन करील, अशी आशा आम्हांस फारशी नाहीं. सुदैवानें ज्या पार्ल्यांत हा पुडा जन्मला, त्याच पार्ल्यांत १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचें घर आहे. शेजाऱ्यांचे संघ करून एकत्र माल घेण्याची संवय तिनें हजारों कुटुंबांस लाविली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वाचकांनीं सप्टेंबर २०२५ पूर्वींचें एखादें वेष्टण घरांत सांपडल्यास जपून ठेवावें, आज आणलेल्या पुड्याशेजारीं तें मांडावें, आणि दोहोंवरील ग्रॅम व किंमत लिहून पंचायतीकडे व जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे धाडावी. अशीं हजार वेष्टणें एका टेबलावर आलीं, तर दिल्लीस त्यांचें काय उत्तर येतें तें आम्ही ह्याच स्तंभांत छापूं.