नेमणूक की बदली?

जून महिन्यातील शाळेचा पहिला दिवस होता. मस्टरवर सही करण्यासाठी मी कार्यालयाकडे निघालो, तेव्हा व्हरांड्यातच शिपायाने हळू आवाजात सांगितले, "सर, नवे आले." त्याला ही वार्ता मे महिन्यातच कळली होती, आधीच्या फादरांची पुस्तके आणि पलंग त्यानेच टेम्पोत चढविला होता. शिक्षकांना ती मस्टरवर सही करताना कळली. पालकांना आणखी पंधरा दिवसांनी कळली, तीही एका सूचनेखालील बदललेल्या सहीवरून.

खारीत राहून उपनगरातील एका कॅथलिक शाळेत मी ३१ वर्षे शिकविले. त्या काळात शाळेच्या प्रमुखपदी सात व्यक्ती आल्या आणि गेल्या. शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. ज्यांची मुले अशा शाळांतून शिकली, त्यांना आपापल्या शाळेचे नाव मनात धरून हा लेख वाचता येईल. सातांपैकी दोघांचे ऋण मी जन्मभर मानीन. एका फादरांनी वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली प्रयोगशाळा मुलांसाठी उघडून दिली. एक सिस्टर सायंकाळी नापास मुलांच्या घरी पायी जात आणि आयांशी चुलीजवळ बसून बोलत. दोघांनाही तीन-चार वर्षांतच हलविण्यात आले. प्रयोगशाळेची किल्ली पुन्हा कपाटात गेली, आणि नापास मुलांच्या घरी पुढे कोणी गेले नाही.

तेव्हा माझी तक्रार व्यक्तींविषयी नाही. आपल्या संस्थांत शाळाप्रमुखाची नेमणूक होत नाही, बदली होते, असे माझे म्हणणे आहे. नेमणूक करणारा आधी शाळेकडे पाहतो, तिला काय हवे ते ठरवितो आणि मग माणूस शोधतो. बदली करणारा आधी माणसांच्या यादीकडे पाहतो आणि कोणाला कोठे सामावून घ्यावयाचे याचा हिशेब करतो. पहिल्या रीतीत शाळा साध्य असते, दुसऱ्या रीतीत ती सोय असते. आपण दुसरी रीत इतकी वर्षे पाळली आहे की तिलाच परंपरा म्हणू लागलो आहोत.

या रीतीला कायद्याचा आधार आहे, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. तो आधार नेमका काय आहे ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असावे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली सेवाशर्तींचा अधिनियम झाला आणि १९८१ साली त्याची नियमावली आली. सर्वसाधारण शाळेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने भरावयाचे असते. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने सूट दिली: शाळेचा प्रमुख, आणि व्यवस्थापनाने शिक्षण खात्याला कळविलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती, यांच्या भरतीला हा कायदा लागू नाही. पुढे १९९८ साली केरळमधील एका अल्पसंख्याक शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापकाला चाकाच्या तुंब्याची उपमा दिली. सारे आरे त्याच्यातच बसविलेले असतात, म्हणून तो निवडण्याचा हक्क व्यवस्थापनाचा. २००६ च्या अखेरीस केरळमधीलच एका कॅथलिक महाविद्यालयाच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व प्राचार्यपदालाही लावले. सरकारी अनुदान घेतले म्हणून हा हक्क जात नाही. निवडलेली व्यक्ती पात्र असली म्हणजे झाले.

हक्क मोठा आहे आणि तो टिकला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण न्यायालयाने हक्क दिला तो निवडीचा. निवड म्हटली की निदान दोन नावे समोर असावी लागतात, त्यांची तुलना व्हावी लागते, एक नाव का घेतले आणि दुसरे का सोडले ते कोणाला तरी सांगता यावे लागते. एकच नाव प्रांताधिकाऱ्यांच्या पत्रातून येते, तेव्हा निवड झाली असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? तुंबा दर तीन वर्षांनी काढून दुसरा बसविला तर चाक चालेल काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

सेवाज्येष्ठतेची मला भुरळ नाही, हेही सांगतो. केवळ वय वाढले म्हणून खुर्ची मिळावी, असे म्हणणारा शिक्षक शाळेचा नव्हे, स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा विचार करीत असतो. ज्येष्ठता डावलून गुणी माणूस निवडणे आणि त्याला टिकविणे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि ते धर्मसंस्थेबाहेरचे आहे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा करीत. ते कोणी संन्यासी नव्हते. घरदार, बायकामुले असलेली माणसे होती. आगरकर याच महाविद्यालयाचे प्राचार्य असताना १८९५ साली वारले. १९०२ साली प्राचार्यपद रँग्लर परांजपे यांच्याकडे आले तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. त्यांच्याहून वयाने आणि सेवेने मोठी माणसे संस्थेत होती. परांजप्यांनी पुढे जवळजवळ दोन दशके ते पद सांभाळले. (रँग्लर निरीश्वरवादी होते, हे मला ठाऊक आहे. आपल्या शाळांत निरीश्वरवादी बसवा, असे मी म्हणत नाही.) सांगावयाचे ते एवढेच की त्याग आणि दीर्घ निष्ठा ही केवळ ब्रह्मचर्याची मिरास नव्हे.

"प्रापंचिकांच्या हाती दिले की भांडणे होतात," असा आक्षेप येईल. होतात. त्याच पुण्यात आजीव सदस्यांमध्ये तट पडले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळक गेले आणि महाविद्यालय उभे राहिले. उलट, जेथे मतभेद मांडावयास जागाच नसते तेथे भांडण होत नाही हे खरे. तेथे शिक्षक खोलीत कुजबुजतात आणि प्रमुखासमोर मान डोलावितात. ३१ वर्षे मीही ती डोलावली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रमुख धर्मगुरू वा भगिनी नसेल तर शाळा कॅथलिक राहील काय? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेनेच देऊन ठेवले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचा ८०३ वा नियम कॅथलिक शाळा कोणती ते सांगतो: जी ख्रिस्तसभेचा अधिकारी चालवितो किंवा लेखी मान्य करतो ती. शिक्षकांची श्रद्धा शुद्ध आणि आचरण सचोटीचे असावे, अशी अपेक्षा त्यात आहे. प्रमुख दीक्षित वा व्रतस्थ असावा, अशी अट नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ साली, व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक मंडळाने शाळांतील प्रापंचिकांवर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. व्रतस्थांची संख्या घटते आहे म्हणून प्रापंचिकांना बोलावा, एवढेच तो सांगत नाही. प्रापंचिकाला स्वतःचे असे पाचारण आहे आणि तेच मूळ कारण आहे, असे तो स्पष्टपणे मांडतो. आपल्याकडे मात्र प्रापंचिक शिक्षक अजूनही बदली खेळाडू समजला जातो. व्रतस्थ मिळेनासे झाले की त्याला मैदानात उतरवावयाचे.

मुंबईत याचा प्रयोग झाला, तो लहानसहान संस्थेत नव्हे. १८६९ साली येशूसंघीयांनी स्थापन केलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जवळजवळ दीड शतक प्राचार्य येशूसंघीयच असे. २०१५ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. आग्नेलो मिनेझिस हे पहिले प्रापंचिक प्राचार्य झाले. २०१८ साली वनस्पतिशास्त्राचे डॉ. राजेंद्र शिंदे प्राचार्य झाले. त्या पदावरील ते पहिले ख्रिस्तीतर गृहस्थ. दोघेही त्याच महाविद्यालयात वाढलेले अध्यापक होते, दुसऱ्या गावाहून आणून बसविलेले नव्हते. संस्थेची मालकी आणि दिशा येशूसंघाकडेच राहिली. म्हणजे मालक कोण आणि प्रमुख कोण या दोन प्रश्नांची दोन निराळी उत्तरे असू शकतात. झेवियर्सला हे जमते आणि आपल्या धर्मग्रामातील हायस्कूलला जमत नाही, ते का?

तिसरा युक्तिवाद कुजबुजीने केला जातो आणि तो पैशाचा आहे. व्रतस्थ प्रमुखाचे वेतन संघाकडे, पर्यायाने कार्याकडे जाते. प्रापंचिकाचे त्याच्या घरी जाते. खरे आहे, आणि त्या वेतनातून कित्येक वसतिगृहे व दवाखाने चालले आहेत, हेही खरे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित संस्थांतील धर्मगुरू व भगिनी यांच्या वेतनावर मुळातूनच आयकर कापला जाईल, या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. वेतन पुढे कोणाकडेही जावो, शासनाच्या लेखी ते त्या व्यक्तीचे उत्पन्न आहे. मग वेतन घेणाऱ्या प्रमुखाला वेतन घेणाऱ्या प्रमुखाचीच कसोटी लावावयास नको काय?

महाविद्यालयांबाबत ती कसोटी निदान कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्राचार्याची मुदत पाच वर्षांची ठरविली असून, कामाचे मूल्यमापन करून आणखी एक मुदत देता येते. पाच वर्षे म्हणजे पाचवीत आलेले मूल नववी पार करते. एवढा काळ एकाच माणसाने एकाच पिढीकडे पाहिले तर त्याला मुलांची नावे तरी ठाऊक होतील.

आता आपल्याकडे वळतो, कारण सारा दोष वरिष्ठांच्या माथी मारून घरी जाणे सोपे आहे. मी खारीत राहावयास आलो तेव्हा भाईंदरहून गाडी सुटली की खिडकीतून मिठागरेच मिठागरे दिसत. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ साली ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत जवळजवळ २ लाख ८९ हजार माणसांची भर. एवढ्या गर्दीत शाळेतील जागा म्हणजे सोने, आणि ते सोने वाटणारा शाळाप्रमुख. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आपण फादरांना गाठतो ते कशासाठी? मुले काय वाचतात, गणितात का मागे पडतात, हे विचारण्यासाठी नव्हे. भाच्याच्या प्रवेशाची चिठ्ठी हवी असते. झगा घातलेला प्रमुख आपल्याला बरा वाटतो, कारण त्याच्याकडे ओळख लावता येते. प्रापंचिक मुख्याध्यापिका आली तर ती शेजारच्या इमारतीतील असेल, तिचे दोषही ठाऊक असतील. तिच्यापुढे वाकणे जड जाईल. बदलीची रीत टिकली ती अशी आपल्याही सोयीने.

आणि प्रापंचिक प्रमुख यावयाचे तरी कोठून? आपल्या घरांतील हुशार मुलगा बँकेत, जहाजावर, आखातात जातो. बी.एड. करावयास निघालेल्या मुलीला आपण विचारतो, "दुसरे काही जमले नाही का?" जी टिकून राहते तिचे काय होते, तेही मी पाहिले आहे. माझ्या एका सहकारी बाईंनी १९ वर्षे शाळेचे वेळापत्रक रचले, परीक्षा सांभाळल्या, नव्या प्रत्येक प्रमुखाला कपाटे आणि फायली दाखविल्या. त्या पर्यवेक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करणाऱ्या प्रमुखांना येऊन आठ महिने झाले होते. त्यांनी कागदावरून बाईंचे गुण वाचले. तो कागद बाईंच्याच वर्गातील एका मुलीने लिहिला होता.

मला हवे आहे ते फार नाही. प्रमुखाची मुदत किमान पाच वर्षांची असावी आणि आजाराखेरीज ती मोडू नये. पद रिकामे होणार असेल तर ते सहा महिने आधी चर्चमध्ये जाहीर व्हावे, अर्ज मागवावेत, व्रतस्थांनीही ते करावेत. निवड करणाऱ्यांत एक शिक्षक आणि एक पालक असावा. अंतिम शब्द व्यवस्थापनाचा असो, मात्र कारण लेखी द्यावे. शाळाप्रमुखाखेरीज तीन नावे कळविण्याची मुभा कायद्याने दिली आहे, तिचा उपयोग उद्याचे प्रमुख आज घडविण्यासाठी व्हावा: तरुण शिक्षक निवडून त्यांना शालेय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे आणि शुल्क पॅरिशने भरावे. सणाच्या रोषणाईतून तेवढे वाचविता येईल. व्रतस्थांपैकी जे खरोखर शिक्षक आहेत ते या चाळणीतून सहज वर येतील. प्रयोगशाळा उघडणारे ते फादर आणि त्या सिस्टर तर पहिल्याच फेरीत निवडले गेले असते, आणि कदाचित दहा वर्षे आमच्याकडे राहिले असते.

पॅरिश कौन्सिलच्या पुढल्या बैठकीत मी हे मुद्दे लेखी देणार आहे. अनुमोदनासाठी तिघांना विचारले. एकाने होकार दिला आहे. उरलेल्या दोघांच्या नातवंडांचे प्रवेश अद्याप व्हावयाचे आहेत.