गाण्याची शिकवणी लावण्याआधी

शाळा सुरू झाल्या की आगाशीत घरोघरी एक विषय निघतोच. पोरीला गाणं शिकवायचं का? कुणाचा आवाज भवानीशंकराच्या देवळातल्या भजनात कानावर आलेला असतो, कुणाचा चर्चच्या गायनात. शिकवा, जरूर शिकवा. पण फी भरण्याआधी जरा थांबा.

पहिला तास नुसते बसून पाहा. शिक्षक स्वतः किती गोड गातात, याला भुलू नका. ते शिष्याचं ऐकतात का? चुकलेला सूर थांबवून दुरुस्त करतात, की पेटीचा भाता जोरात मारून झाकतात? लहान लेकराला एकट्यानं पाठवत असाल, तर दार उघडं असू द्या. घरचं कुणी बाहेर बसावं. यात संकोच कसला?

मग पट्टी. प्रत्येकाची पट्टी वेगळी. पंधरा मुलांना काळी चारमध्ये एकत्र गायला लावलं, तर निम्म्यांचा गळा ताणला जातो. वरच्या सुराला मुलाची मान वर जाते का, गळ्याच्या शिरा फुगतात का, एवढं तुम्हालाही दिसेल. दिसलं, तर गुरुजींना सांगा. पट्टी खाली आणल्यानं कुणाची अब्रू जात नाही.

सुरुवातीचे महिने कंटाळवाणे असतात. सा लावा, आकार लावा, अलंकार घोटा. "तीन महिने झाले, एक गाणं येत नाही," म्हणून क्लास बदलू नका. आपल्याकडे राजेळी केळ्याची सुकेळी करतात. ती किती दिवसांच्या उन्हानं होतात, हे आगाशीकरांना मी काय सांगू!

घरी सकाळी वीस मिनिटं पुरे, पण रोज. मोबाइलवर तानपुरा लावा, ताठ बसा. श्वास घेताना खांदे उचलू नका, पोट फुगू द्या. आधी खालचे सूर, वरचे मागून. दुखलं की थांबायचं. दुखतंय म्हणजे आवाज तयार होतोय, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाचाही तरुणपणी आवाज गेला होता. एका संस्थानात राजाच्या आग्रहाखातर ते अतोनात गायले आणि गळा बसला. पुढे बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली. आज तिला जयपूर-अत्रौली म्हणतात. पण ते अल्लादियाखाँ होते. आपण आपला गळा मुळात बिघडूच देऊ नये.

खडीसाखर, ज्येष्ठमध खुशाल चघळा. घशाला बरं वाटतं. स्वरतंतू मात्र श्वासाच्या वाटेवर असतात, खाल्लेलं तिथे पोचत नाही. त्यांना पाणी आणि विश्रांती लागते. दिवसभर घोट घोट पाणी प्या. सतत खाकरू नका. आवाज बसला की कुजबुजूही नका, त्यानंही ताण पडतो, गप्प राहा. तीन आठवडे होऊन आवाज सुटला नाही, तर काढे पुरेत. विरारला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मुलाचा आवाज बारा-पंधराच्या सुमाराला फुटतो. तेव्हा त्याला हसू नका आणि जुन्या पट्टीत ओढू नका. रियाज थोडा, हलका, खालच्या सुरात. पुष्कळ पोरं याच दिवसांत लाजून गाणं सोडतात आणि मग आईबाप म्हणतात, त्याला आवडच नव्हती!

परीक्षेचं म्हणाल, तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. मंडळ १९३१ पासूनचं आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या आहेत. द्या, शिस्त लागते. पण दोन पायऱ्या एकदम चढवायची घाई नको. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि पोर सा लावायला घाबरतं, अशी घरं मी पाहिली आहेत.

आता गणपती येतील. मंडळाचा कार्यक्रम, रात्रीचे दहा वाजलेले, पोरीला सर्दी झालेली, आणि समोर सगळे पाहुणे. तुम्ही आई असा की बाबा, त्या वेळी पुढे होऊन सांगा, "आज नाही गाणार ती." पाहुणे रुसले तर त्यांना चहा द्या.