मासा, माशी आणि फिर्याद

वऱ्हाडातल्या नद्यांवर गळ टाकून मासे धरण्याच्या विषयावर गंभीरपणे लिहावे असे म्हटले की सुशिक्षित वर्तुळातून दोन आक्षेप ठरल्यासारखे येतात. पहिला असा की, अमरावती-अकोल्यासारख्या उन्हाने भाजून निघणाऱ्या मुलखात मासा हा विषयच कोठून आला? दुसरा असा की, काठी घेऊन तासन् तास पाण्याकाठी बसणे हा साहेबाचा चोचला आहे. आपल्याकडे मासे धरणे हे भोई समाजाचे काम, आणि कामावर कोणी निबंध लिहीत नाही. हे आक्षेप आम्हांला अज्ञानमूलक वाटतातच, परंतु त्याहून अधिक ते घातक वाटतात. या मुलखातल्या नद्या ज्या बेफिकिरीने मारल्या जात आहेत, ती बेफिकिरी याच आक्षेपांच्या पोटी जन्मलेली आहे.

आधी साहेबाच्या चोचल्याचे पाहू. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली निघाले आणि तेव्हापासून इंग्रजी गद्यात गळाचे एक स्वतंत्र दालन उघडले, हे खरेच. परंतु त्याच्या पाच शतके आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आले आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ, दोर, काठी या साऱ्यांचा विचार त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'मानसोल्लासा'चे नाव निघते ते बहुधा त्यातल्या जुन्या मराठीच्या खुणांसाठी. त्याच पोथीत दख्खनचा एक राजा माशांकडे इतक्या बारकाईने पाहतो आहे, ही गोष्ट आमच्या अभ्यासकांना दखलपात्र वाटली नाही. जे स्वतःचे होते ते विसरायचे आणि मग ते परक्याचे म्हणून त्याला हसायचे, ही आमची जुनीच रीत आहे.

आता साहेबाच्या परंपरेत घेण्यासारखे काय आहे, तेही पाहिले पाहिजे. तपकिरी ट्राउटसाठी इंग्रज गळवाला पीस, रेशीम व लोकर गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला बांधतो आणि ती लांब दोरीच्या झोक्याने पाण्यावर अलगद उतरवतो. मासा तिला खरी समजून वर आला तर डाव साधला. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण तो साधायचा तर त्या दिवशी, त्या घटकेला नदीतून कोणता कीटक उडतो आहे हे ठाऊक असावे लागते. त्या कीटकाचे बालपण प्रवाहातल्या दगडांखाली जाते, म्हणून दगड ठाऊक असावे लागतात. दगडांवर गाळ बसला तर कीटक मरतो, म्हणून वरच्या अंगाला कोणी काय सोडले आहे याचीही खबर ठेवावी लागते. माशासाठी माशी, माशीसाठी दगड आणि दगडासाठी वाहते पाणी अशी ही साखळी आहे. मासा हाती लागो वा न लागो, गळवाल्याला नदी वाचता येऊ लागते.

वऱ्हाडात ट्राउट आणून सोडा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो थंड पाण्याचा मासा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या अकोल्याच्या पाण्यात तो एक उन्हाळाही काढणार नाही. शिवाय भारतात कोठेही तो 'रानटी' म्हणवून घ्यायला पात्र नाही. काश्मीरच्या ओढ्यांत तो १९०० साली ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून आला, आणि ज्या पाण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी तो सोडला गेला तेथे मूळचे मासे होतेच. हिमालयातल्या ट्राउटचे गोडवे गाणारे आमचे पर्यटक हे लक्षात घेत नाहीत. आम्हांला ट्राउट नको. एका विशिष्ट रानटी माशाविषयी लोकांना वाटलेली जी आस्था नदीच्या उपयोगी पडते, ती हवी आहे.

ती उपयोगी कशी पडते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९४८ साली जॉन ईस्टवुड या वकिलाने इंग्लंडमध्ये गळवाल्यांची एक सहकारी संघटना स्थापन केली. नदी दूषित करणाऱ्यांना न्यायालयात खेचणे हेच तिचे काम होते. पुढे १९५०च्या दशकाच्या आरंभी डर्बी येथील एका गळवाल्या मंडळाने डर्वेंट नदीसाठी दावा लावला. प्रतिवादी तिघे होते: कारखान्याचे सांडपाणी सोडणारी एक मोठी कंपनी, शहराचा मैला सोडणारी नगरपालिका आणि तापलेले पाणी सोडणारे वीजमंडळ. आम्ही लोकोपयोगी काम करतो, सबब आम्हांला सवलत द्या, हा नगरपालिकेचा बचाव टिकला नाही. न्यायालयाने मनाईहुकूम दिला. त्या लोकांपाशी कोणती मोठी सत्ता होती? नदीत मासे धरण्याचा एक हक्क होता, आणि मासा मेला म्हणजे आपले काही गेले अशी भावना होती. वॉल्टनपासून चालत आलेल्या तीनशे वर्षांच्या गद्याने ही भावना घडवली होती. त्या गद्याने माशाला फिर्यादी मिळवून दिला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वऱ्हाड कोरडा आहे, हे अर्धसत्य आहे. मेळघाटातून सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तापीच्या खोऱ्यात उतरतात. सिपना हे नावच कोरकू भाषेतले, अर्थ सागवान. गाविलगडच्या डोंगरात उगवणारी पूर्णा अमरावती व अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातून वाहत जाऊन पुढे तापीला मिळते. काटेपूर्णा, मोर्णा, शहानूर ही तिचीच लेकरे. याच अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेने वर्धा वाहते आणि तिचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. दोन खोरी म्हणजे माशांचीही दोन निरनिराळी कुळे. कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलखाची ही श्रीमंती आहे.

या श्रीमंतीचे आपण काय केले? मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण झाले, महानला काटेपूर्णेवर धरण झाले. शेतीला आणि शहरांना पाणी मिळाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु या जलाशयांकडे मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने आपण पाहतो ते केवळ कटला, रोहू आणि मृगळ यांची कोठारे म्हणून. हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्याकडचे मासे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे टोचण देऊन या जातींच्या माशांकडून अंडी मिळवण्यात यश मिळवले आणि देशभर मत्स्यबीज पुरवण्याचा मार्ग खुला झाला. लाखो लोकांच्या ताटात त्यामुळे मासा आला, आणि त्या शोधाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की तापीचे खोरे काय अन् गोदावरीचे काय, ठेक्याच्या कागदावर सारे पाणी एकच झाले. बीज किती सोडले आणि वजन किती निघाले, एवढे दोनच प्रश्न उरले. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणारा महसीर धरणाच्या भिंतीशी अडला तर त्याची नोंद ना आवकेत होते, ना जावकेत.

यात भोई बांधवांना दोष देणे म्हणजे निव्वळ कृतघ्नपणा. त्यांच्या सहकारी संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, बीज विकत घ्यायचे, जाळी आणि डोंगे सांभाळायचे, आणि वर रानटी मासाही राखायचा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? जलाशयाला निदान ठेकेदार असतो. नदीला तोही नाही. उन्हाळ्यात नदी तुटली म्हणजे मासे डोहांत गोळा होतात. त्या डोहात विष कालवले, सुरुंग उडवला, विजेचा प्रवाह सोडला किंवा तळाची रेती उपसून नेली, तर माझे नुकसान झाले असे म्हणत पुढे येणारा माणूस कोण? सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास बंदी घालणारा कायदा या देशात १८९७ साली झाला. कायदा जुना आहे, फिर्यादी मात्र अजून जन्माला यायचा आहे.

मोर्णेचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. २०१८ च्या जानेवारीत अकोलेकर हजारोंच्या संख्येने नदीत उतरले आणि त्यांनी जलकुंभी उपसली. पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातही त्याचा उल्लेख झाला. त्या श्रमांविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु जलकुंभी हा रोग नाही, ते रोगाचे लक्षण आहे. सांडपाणी हे तिचे खाद्य. ते चालू राहिले तर ती पुनःपुन्हा येणारच. आमचा प्रश्न असा की, नदी साफ झाली हे ठरवायचे कशावरून? पाणी डोळ्यांना दिसू लागले यावरून, की त्यात मरळ, वांब, शिंगाडा पुन्हा आले यावरून? हवेतला प्राणवायू घेऊ शकणारी मरळ घाणीतही तग धरते, वाहत्या स्वच्छ पाण्यातला मासा धरत नाही. म्हणजे कोणता मासा सापडतो, एवढ्यावरून नदीची प्रकृती सांगता येते. आठवड्यातून दोनदा गळ टाकून बसणारा माणूस हे परीक्षण फुकट करतो. त्याला विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

आणि येथे दोष साहित्याकडे येतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर १८३९ साली लिहिले, तेव्हा त्याने नव्या जातींना जी शास्त्रीय नावे दिली त्यांतली कित्येक इथल्या लोकांच्या तोंडून उचललेली होती. खुद्री, कोलस, बोगट, नुक्ता, पोटील, फुलुंगी. लॅटिनच्या पंक्तीला बसलेले हे मराठी शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना पाठ आहेत. आम्हांला मात्र ते रोमन लिपीतून परत वाचावे लागतात आणि मूळ उच्चार कसा असावा यावर तर्क करावे लागतात. ज्या भाषेने शास्त्राला नावे पुरवली, त्या भाषेच्या लेखकाला नदीतल्या चार माशांत फरक करता येऊ नये? त्याच्या कथेत 'मासा' नुसताच 'मासा' असतो, जसे त्याचे झाड नुसतेच 'झाड' असते. मारुती चितमपल्लींनी विदर्भातल्या अरण्याचे शब्द वेचून मराठीत आणले. त्यांचे सत्कार झाले, पण ते काम पुढे नेणारे हात थोडेच निघाले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा अभिमान बाळगतो ते 'लीळाचरित्र' याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी निगडित आहे, आणि रिद्धपूर ज्या मोर्शी तालुक्यात आहे त्याच तालुक्यात ऊर्ध्व वर्धेचा जलाशय आहे. लोकांच्या बोलण्यातला शब्द जसाच्या तसा टिपणे, हीच तर त्या गद्याची थोरवी होती. तिचे वारसदार म्हणवणाऱ्यांनी भोयांच्या आणि कोरकूंच्या तोंडचा माशाचा शब्द टिपू नये, यात कसले भूषण आहे?

अहिंसेचा आक्षेपही येथे येईल. गळाने माशाला यातना होतात, आणि पकडून पुन्हा सोडून देण्याच्या विलायती शिष्टाचाराने त्या टळत नाहीत, हे आम्हांला मान्य आहे. घरी नेऊन शिजवणारा भोई या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे, असेही आम्ही म्हणू. पण गळाने गेलेला मासा मोजता येतो. सांडपाण्याने, विषाने आणि रेतीच्या उपशाने गेलेल्यांची गणती कोणी करत नाही, आणि त्यांच्यासाठी कोणाचे काळीजही हलत नाही. नाल्यापाशी मूग गिळून बसणारी अहिंसा गळापाशीच बोलू लागते, हे आम्हांला विचित्र वाटते.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक नदीचे काही डोह आणि काही पट्टे बाहेरच्या बीजापासून आणि रेतीच्या लिलावापासून मोकळे राखावेत. तेथे काठच्या भोई आणि कोरकू लोकांचा गळाचा हक्क लेखी मान्य व्हावा, म्हणजे पाणी बिघडले की तक्रार करायला एक हक्कदार उभा राहील. हे स्वप्नरंजन नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतच्या ढिवर समाजाने स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून देशी मासे परत आणण्याचे काम करून दाखवले आहे. तलावात जे जमले ते नदीच्या डोहात का जमू नये?

लेखकांकडून आमची अपेक्षा याहून लहान आहे. सिपनेच्या किंवा पूर्णेच्या काठी जाऊन, तेथे जो गळ टाकून बसला असेल त्याच्याकडून पाच माशांची नावे त्याच्या उच्चारात लिहून आणावीत. ज्याचे नावच कागदावर नाही, त्याच्या वतीने फिर्याद कोणत्याही न्यायालयात दाखल होत नसते.