लघुउद्योजक, इंटरनेट आणि आपली लेखणी

कोणत्याही स्मरणिकेची शेवटची पाने, म्हणजे जाहिरातींची पाने, इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावीत. संस्थेचा सामाजिक इतिहास पुष्कळदा अध्यक्षीय मनोगतापेक्षा तेथेच अधिक स्पष्ट दिसतो. आपल्या निवासी विद्यालयाच्या जुन्या अंकांत 'शुभेच्छुक' म्हणून एखादी कर्मचारी संघटना, एखादी पतसंस्था, फार तर तालुक्याच्या गावचे औषधांचे दुकान असे. माजी विद्यार्थी तेव्हा शिक्षक होत, कारकून होत, एस.टी.त वाहक होत, रेल्वेत लागत. आज त्याच पानांवर केटरिंग, मोटार रिवाइंडिंग, शिवणकाम, फ्लेक्स प्रिंटिंग, चर्मवस्तू, घरगुती मसाले अशी नावे दिसतात आणि त्यांतील बरीच आपल्याच मुलामुलींची आहेत. सरकारी नोकरीची वाट अरुंद झाल्यावर या पिढीने स्वतःचा व्यवसाय थाटला. बाजारपेठेत यांचे मामा-काका नाहीत आणि पेढीवर चालत येणारे वडिलोपार्जित गिऱ्हाईकही नाही.

या जाहिरातींत मजकूर काय असतो? दुकानाचे नाव, प्रोप्रायटरचे नाव, मोबाइल क्रमांक आणि 'हार्दिक शुभेच्छा'. शाळेवरचे ऋण म्हणून ते योग्यच आहे. ही जाहिरात कोणी बंद करावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही, कारण या अंकाचा छपाईखर्च तिच्यावरच निघतो. परंतु ती वाचतो कोण? जो त्या दुकानदाराला आधीच ओळखतो तो. जो ओळखत नाही, पण ज्याला नेमकी तीच वस्तू हवी आहे, तो ही स्मरणिका उघडत नाही. तो खिशातला फोन काढतो आणि गुगलला विचारतो. त्या क्षणी आपला माजी विद्यार्थी तेथे सापडतो का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जाहिरात ही किरकोळ बाब नव्हे, हे आपल्याला तरी वेगळे सांगायला नको. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले होते. आपण अस्तित्वात आहोत एवढे चारचौघांना कळवण्यासाठीसुद्धा तेव्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे आणि दार उघडायचे की नाही हे तो दुसरा ठरवी. आज तसा संपादक आडवा येत नाही. स्वतःचे पान इंटरनेटवर मांडायला कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही वर्षाला चांगल्या चपलांच्या एक-दोन जोडांइतका. परंतु दार उघडे आहे म्हणून आपण आपोआप आत पोहोचलो असे होत नाही. येथेही एक व्यवस्था आहे आणि तिचे नियम समजून घेणे हे आता व्यवसायाचाच भाग झाले आहे.

नियम गूढ नाहीत. शोधयंत्र कोट्यवधी पाने वाचत फिरते, ग्रंथाच्या शेवटी असते तशी त्यांची शब्दसूची करते आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून पाने काढून क्रमाने लावते. क्रम लावण्याची युक्ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधक विद्यार्थ्यांना विद्वानांच्या तळटिपांवरून सुचली. ज्या प्रबंधाचा इतर प्रबंधांत वारंवार हवाला दिला जातो तो महत्त्वाचा. त्याचप्रमाणे ज्या पानाकडे इतर पाने दुवा देतात ते महत्त्वाचे. १९९८ साली स्थापन झालेल्या गुगलचा पाया हाच. पुढे त्यात इतर शेकडो निकष मिसळले, तरी मुळातील प्रश्न तोच राहिला : विचारणाऱ्याला हवे ते उत्तर या पानावर आहे काय आणि ते देणाऱ्यावर विश्वास ठेवावा काय? आपले पान या दोन कसोट्यांना उतरेल असे करणे, यालाच सर्च ऑप्टिमायझेशन म्हणतात. ब्लॉग हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन. हा शब्द 'वेबलॉग'वरून आला. लॉग म्हणजे नोंदवही. दुकानदाराने आपल्या कामाची चारचौघांना वाचता येईल अशी ठेवलेली नोंदवही, एवढाच त्याचा अर्थ.

उदाहरण कोल्हापुरी चपलेचे घेऊ, कारण या प्रश्नाची सारी बाजू त्यात एकवटली आहे. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा हक्क त्यातून कागदोपत्री मान्य झाला. नंतर जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या, त्याही कोल्हापूरचे नाव न घेता. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने या चपलांमागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. त्या काळात ज्यांनी हा शब्द पूर्वी कधी ऐकला नव्हता तेही कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय हे शोधू लागले.

त्यांना काय सापडले? आम्ही स्वतः निरनिराळ्या प्रकारे शोधून पाहिले. वृत्तपत्रांच्या बातम्या सापडल्या, मोठ्या ऑनलाइन बाजारांची पाने सापडली, महानगरांतील देखण्या विक्रेत्यांची संकेतस्थळे सापडली. ज्याच्या घरात बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे कापले जाते, ज्याची पत्नी वेण्या गुंफते, त्या माणसाचे पान शोधून शोधून थकावे तेव्हा कुठे एखादे दिसले. खिळा न मारता कातड्याच्या वादीने तळ कसा शिवतात, कापशी आणि कुरुंदवाडी यांत फरक कोणता, हे ज्याला हाताने ठाऊक आहे त्याने ते लिहिलेले नाही. ज्याने ते केवळ पाहिले आहे त्याने लिहिले आहे, आणि शोधयंत्र लिहिणाऱ्यालाच पुढे आणते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. बखरी कोणी लिहिल्या आणि कोणाविषयी लिहिल्या, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत.

अशा कारागिराने, किंवा त्याच्या शिकलेल्या मुलीने, लिहावे तरी काय? 'आमच्या येथे सर्व प्रकारच्या उत्तम व दर्जेदार चपला मिळतील' हे वाक्य कोणीही लिहितो आणि ते कोणीही शोधत नाही. लोक प्रश्न शोधतात. नवी कोल्हापुरी पायाला चावते, काय करावे? पावसात भिजली तर उन्हात वाळवावी की सावलीत? अस्सल कातडे आणि रेक्झिन यांत फरक कसा ओळखावा? तेल कोणते लावावे आणि किती दिवसांनी? पायाचे माप घरी कसे घ्यावे? दुकानात बसणारा माणूस ही उत्तरे दिवसातून दहा वेळा तोंडी देतो. तीच त्याने एकेका पानावर, आपल्या साध्या शब्दांत, स्वतः काढलेल्या छायाचित्रांसह लिहावीत. पानाच्या शीर्षकात तो प्रश्नच असावा. छायाचित्राखाली चित्रात काय आहे ते शब्दांत असावे, कारण यंत्राला आजही शब्दांचाच आधार अधिक लागतो. पान साध्या मोबाइलवर चटकन उघडावे. महिन्याला दोन पाने लिहिली तरी वर्षात चोवीस होतात, आणि चोवीस खऱ्या प्रश्नांची खरी उत्तरे देणारा दुकानदार आपल्या जिल्ह्यात दुसरा नसतो.

येथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो आम्हाला फार जिव्हाळ्याचा आहे. आपली मुले व्यवसायाविषयी लिहायला बसली की त्यांच्या लेखणीत एक तर मोडके इंग्रजी उतरते नाही तर शासकीय परिपत्रकाचे मराठी. चप्पल विकणारा 'पादत्राणे' लिहितो आणि नळ दुरुस्त करणारा 'जलवाहिनी देखभाल'. गिऱ्हाईक मात्र 'चप्पल' आणि 'प्लंबर' असेच शोधते, कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, आणि अलीकडे तर फोनशी बोलून. जो शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे तो पानावर हवा. इंग्रजीतील स्पर्धा तुफान आहे, मराठीत मात्र उपयोगी पाने अजून विरळ आहेत. ज्या विषयावर मराठीत चार ओळींचेही नीट पान नाही तेथे आपले पान वर येणे तुलनेने सोपे असते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी पान जरूर असावे; पण आधी मराठी लिहावे.

आता ठकांविषयी. 'तीस दिवसांत गुगलवर पहिला क्रमांक' अशी हमी देणारे फोन आपल्या बहुतेक व्यावसायिकांना येतात. असा पहिला क्रमांक कोणीही हमखास देऊ शकत नाही, हे गुगलने आपल्या मार्गदर्शनातच स्पष्ट सांगितले आहे. प्रामाणिक कामाचा परिणाम दिसायलासुद्धा साधारण चार महिने ते वर्ष लागते असेही त्यांचेच म्हणणे आहे. ही हमीवाली मंडळी करतात काय, तर 'कोल्हापुरातील उत्तम कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी चप्पल कोल्हापूर, स्वस्त कोल्हापुरी चप्पल' असा जप एकाच पानावर पन्नास वेळा करतात आणि भाडोत्री दुवे विकत घेतात. २०१२ साली 'पेंग्विन' या नावाने गुगलने जो बदल केला तो याच दोन चलाख्यांविरुद्ध होता. एका माजी विद्यार्थ्याने अशाच एका संस्थेकडे वर्षभर हप्ते भरले. शेवटी त्याच्या लक्षात आले की संकेतस्थळाचे नावच त्या संस्थेने स्वतःच्या मालकीने नोंदवले आहे. हप्ता थांबला आणि पानही नाहीसे झाले. म्हणून सातबारा जसा आपल्या नावावर आहे का ते आपण पाहतो, तसेच संकेतस्थळाचे नाव, त्याचा ईमेल आणि पासवर्ड आपल्या नावावर आहेत का हे पाहावे. काम दुसऱ्याला द्यावे, मालकी देऊ नये.

इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॲप आहे, मग हे कशाला, असे तरुण विचारतात. ती साधने चांगलीच आहेत, पण ती भाड्याची जागा आहे, आणि तेथे टाकलेले चित्र दोन दिवसांत खाली वाहून जाते. प्रश्नाचे उत्तर देणारे पान दोन वर्षांनीही सापडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२४पासून गुगल भारतातही अनेक प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून वरच्या वर दाखवते आणि मग मूळ पान उघडण्याची गरजच कित्येकांना वाटत नाही. हे नुकसान खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तरीही ते उत्तर कोणाच्या तरी लिखाणावरूनच बनते. चप्पल आणि तेल यांविषयीचे उत्तर कारागिराच्या अनुभवावरून बनावे की ऐकीव मजकुरावरून, हा प्रश्न उरतोच. शिवाय 'माझ्या जवळचा चप्पल दुरुस्त करणारा' असे विचारणाऱ्याला शेवटी दुकान आणि फोन क्रमांकच हवा असतो.

एका नाजूक गोष्टीविषयीही लिहिले पाहिजे. आपले कित्येक व्यावसायिक पानावर स्वतःचे नाव आणि छायाचित्र देत नाहीत. आडनाव कळले तर गिऱ्हाईक बिचकेल, ही भीती त्यामागे असते, आणि ती निराधार आहे असे कोण म्हणेल? विशेषतः खाद्यपदार्थांच्या व्यवसायात तर नाहीच नाही. ज्याचे पोट त्या धंद्यावर आहे त्यानेच हा निर्णय घ्यावा. पगारी शिक्षकाने त्याला शौर्य शिकवू नये. आमचे मत तेवढे नोंदवतो. गुगलने पानांची प्रत पारखणाऱ्यांसाठी जे निकष ठरवले आहेत त्यांत २०२२ साली 'प्रत्यक्ष अनुभव' हा निकष नव्याने घातला. करणारा कोण, त्याने हे स्वतः केले आहे का, हे आता विचारले जाते. ज्यांच्या श्रमाला हजारो वर्षे नाव मिळाले नाही, त्यांच्या हातच्या वस्तूचे मोल आज नावामुळे वाढण्याची शक्यता निर्माण झाली आहे. कारागिराच्या नावासह विकली जाणारी चप्पल आणि निनावी चप्पल यांच्या किमतीत फरक पडतो. तो फरक मधल्या व्यापाऱ्याने घ्यावा काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे सारे वाचून एखाद्याला सुरुवात करावीशी वाटली तर पहिले पाऊल बिनखर्चाचे आहे. गुगलवर आपल्या दुकानाची नोंद, ज्याला बिझनेस प्रोफाइल म्हणतात, ती फुकट करता येते. नाव, पत्ता, फोन सर्वत्र एकसारखा लिहावा. पाटीवर एक आणि नोंदीत दुसरे असे नको. दुकान उघडण्याच्या वेळा खऱ्या द्याव्यात. समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगण्यात संकोच नको. खोटे अभिप्राय मात्र स्वतः लिहू नयेत, नातेवाइकांकडूनही लिहून घेऊ नयेत. कोणी वाईट लिहिले तर भांडू नये, काय दुरुस्त केले ते तेथेच नम्रपणे लिहावे.

आणि एक सूचना विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे ठेवतो. आपला संगणक कक्ष रविवारी बंद असतो. महिन्यातील एक रविवार तो माजी विद्यार्थी व्यावसायिकांसाठी उघडावा. नववी-दहावीची मुले टंकलेखन करतील, मराठीचे शिक्षक शुद्धलेखन पाहतील, आम्हीही बसू. येणाऱ्याने दुकानाच्या पत्त्याचा एक पुरावा, पाटीचे स्वच्छ छायाचित्र आणि गिऱ्हाइकांनी गेल्या महिन्यात विचारलेल्या दहा प्रश्नांची यादी एवढेच बरोबर आणावे. प्रश्न गिऱ्हाइकांच्याच शब्दांत लिहिलेले असावेत, सुधारून नव्हे.