अनवाणी पाय आणि नगराची भूमी

ज्या अवयवावर मनुष्याचा सगळा भार, त्याचीच चौकशी सर्वांत कमी, हा जगाचा जुनाच न्याय आहे. डोळ्यांस चष्मा लागला तर घरभर चर्चा होते, दाढ दुखू लागली तर साऱ्या घराची रात्र जाते. पाय मात्र मुकाट्याने चालत राहतात, म्हणून त्यांच्याविषयी कोणी विचारीत नाही. दहिसरच्या एखाद्या नोकरदार गृहस्थाचा दिवस पाहा. सकाळी उठताच पायांत सपाता, स्नान आटोपताच मोजे व बूट, मग लिफ्ट, रिक्षा, आगगाडी व कचेरी. आणि रात्री परतून बूट उतरविले की पुन्हा सपाता. वर्षाचे बारा महिने गेले तरी त्याच्या तळव्यास मातीचा स्पर्श घडत नाही. ह्याच गावठाणातील त्याचे आजोबा अंगणात, पडवीत व शेताच्या बांधावर अनवाणी वावरत असतील. दोन पिढ्यांत पाय आणि भूमी यांची ही जी ताटातूट झाली, तिच्यात आपण काय मिळविले व काय गमावले, ह्याचा शांतपणे हिशेब मांडावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम गमावल्याचा विचार करू. मनुष्याच्या एका पावलात सव्वीस हाडे असून त्यांस जोडणारे सांधे, स्नायू व बंध ह्यांची रचना एखाद्या कसबी गवंड्याने बांधलेल्या कमानीसारखी आहे. ही कमान जन्मतः पूर्ण नसते. मूल चालू-पळू लागते तसतशी ती घडत जाते. उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ ह्या आपल्याच देशातील शल्यवैद्यांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण शेकडा ८.६ निघाले, न वापरणाऱ्यांत अवघे २.८. त्यातही बोटे झाकणारे बंद बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वांत अधिक, चपला वा सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी, आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी आढळले. सपाट तळवा म्हणजे प्रत्येक वेळी रोगच असे नव्हे. परंतु वाढत्या पावलास मोकळीक हवी, एवढी गोष्ट ह्यावरून उघड होते.

कोणी म्हणेल की, अनवाणी चालून तळव्यांस घट्टे पडतात व पाय दगडासारखे बधिर होतात. हीही समजूत खरी ठरत नाही. केनियातील अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले संशोधकांनी तपासली. घट्टे जाड झाले तरी तळव्याची स्पर्शशक्ती कमी होत नाही, असे त्यांस आढळले, व १९१९ नव्हे तर अगदी अलीकडे, २०१९ साली, ते प्रसिद्ध झाले. निसर्गाने दिलेले हे कातडे पायाचे रक्षणही करते आणि जमिनीची वार्ताही मेंदूस पोहोचविते. जाड तळाचा बूट पहिले काम करतो, दुसरे अडवितो. पावलाखाली खडा आहे की चिखल, उतार आहे की चढ, हे ज्यास कळते तो आपला तोल अधिक नीट सांभाळतो. हा लाभ पैसा न खर्चिता मिळणारा आहे.

तथापि लाभ सांगताना भाबडेपणा नको. दवाने भिजलेल्या हिरवळीवर चालले की चष्मा सुटतो, किंवा भूमीतील विद्युत् अंगात शिरून सर्व व्याधी हरतात, असे सांगणारे उपदेशक आज घरोघरी मोबाइलवरून बोलत असतात. सकाळच्या हवेत चालल्याने मन प्रसन्न होते, हे निर्विवाद आहे. पण त्यामुळे डोळ्यांचा नंबर उतरतो ह्यास काही आधार नाही. चांगल्या सवयीला खोट्या चमत्काराचे दागिने घातले म्हणजे चमत्काराबरोबर सवयीवरचाही विश्वास उडतो.

आता मिळविल्याचा हिशेब. पादत्राणांनी मनुष्यजातीवर केलेले उपकार थोडे नाहीत. अंकुशकृमीच्या अळ्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून उघड्या पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतात आणि पुढे आतड्यांत राहून रक्त शोषतात. पंडुरोगाने फिकी पडलेली कित्येक मुले ह्या कृमीचीच शिकार असतात. मुंबईकरांस तर ह्याहून जवळचा दाखला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ उठली. उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रातून ह्या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरील लहानशा जखमेतूनही आत प्रवेश करतात. म्हणून पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी जाणे हे साहस नव्हे, अविचार आहे. आणि जावेच लागले तर पाय स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेणे हे कर्तव्य होय. तसेच ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे, त्यांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. टाचणी रुतली तरी ज्यास कळत नाही, त्याची लहान जखमही पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

मग अनवाणी चालावे की चालू नये? ह्या प्रश्नास आमच्या शेजारच्या डोंगरातच एक जुने उत्तर आहे. राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी ज्या भिक्षुसंघाने वसविली, त्या संघाच्या महावग्गात सोण कोळिविस नावाच्या सुकुमार श्रेष्ठिपुत्राची कथा येते. भिक्षू झाल्यावर तो अनवाणी येरझारा घालीत इतकी कठोर साधना करू लागला की, त्याचे पाय फुटून वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्यास वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणलीही नसावी व फार सैलही नसावी. मग त्याने त्या एकट्यासच नव्हे, तर सर्व भिक्षूंस एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. आणि अवंती-दक्षिणापथाकडील जमीन खडबडीत म्हणून तिकडील भिक्षूंस अनेक पदरी वहाणांचीही मोकळीक पुढे मिळाली. पायांचा नियम भूमी पाहून व मनुष्य पाहून ठरवावा, हे ज्या संन्याशांस उमजले ते आपणां संसारी लोकांस का उमजू नये?

परंतु ह्या विषयाची एक बाजू अशी आहे की, तिच्याकडे पाठ फिरवून अनवाणी चालण्याची स्तुती करणे लाजिरवाणे ठरेल. आपल्या समाजात कित्येकांनी अनवाणी चालावे, असा दंडकच होता. गावात वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या घरापुढून जाताना अस्पृश्य मानलेल्या मनुष्याने वहाणा हातांत घ्याव्यात, ही रीत अनेक ठिकाणी होती. त्या मनुष्यास पायांतील वहाण ही केवळ चामड्याची वस्तू नव्हती. ती त्याच्या माणुसकीची खूण होती. आणि दारिद्र्याने लादलेले अनवाणीपण तर अजूनही संपलेले नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी व आदिवासी सहा दिवस चालून १२ तारखेस आझाद मैदानावर पोहोचले, तेव्हा कित्येकांच्या तळव्यांची सालटी निघाली होती व कित्येकांच्या पायांत काहीच नव्हते. मुंबईकरांनी त्या दिवशी अन्नपाण्याबरोबर चपलाही पुढे केल्या, ही ह्या शहराच्या लौकिकास शोभणारी गोष्ट झाली. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचे व्रत आगगाडीच्या गर्दीतही पाळणाऱ्या भगिनी, पंढरीच्या वाटेवरील अनवाणी वारकरी आणि पायांत जोडा नाही म्हणून तापल्या डांबरावर चालणारा मजूर, ह्या तिघांचे पाय सारखेच उघडे असतात. पण पहिल्या दोघांनी जे निवडले, ते तिसऱ्यावर लादलेले आहे. अनवाणी चालणे हे आरोग्य तेव्हाच, जेव्हा दाराशी वहाण ठेवलेली असते.

आणि वहाण दाराशी ठेवून बाहेर पडावे, तर पाऊल टेकावे कोठे? दहिसरास निसर्गाने इतर उपनगरांस हेवा वाटावा असे दान दिले आहे. तुळशी तलावाकडून डोंगर उतरून येणारी नदी गावाच्या मधून मनोरीच्या खाडीकडे जाते. जंगलाच्या हद्दीत तिचे पाणी नितळ असते. वस्तीत शिरताच तिच्यात सांडपाणी, गोठ्यांचे शेण व कचरा वर्षानुवर्षे सोडला गेला, आणि नदीचा नाला झाला. नागरिकांनी तिच्यासाठी पदयात्रा काढल्या, महानगरपालिकेनेही तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. ते तडीस नेणे हे दोघांचेही काम आहे. ज्या काठावर मूल निर्धास्तपणे अनवाणी धावू शकते तीच नदी शुद्ध, आणि जेथे थुंकी, काच व श्वानमल चुकवीत चालावे लागत नाही तोच रस्ता स्वच्छ. नगराच्या स्वच्छतेची ह्याहून सोपी व ह्याहून खरी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. निरोगी मनुष्याने घरात सपाता सोडाव्यात आणि रोज दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ फरशीवर, गच्चीवर किंवा मैदानावर अनवाणी चालावे. सवय नसल्यास हळूहळू वाढवावे. शाळांच्या चालकांनी मुलांस दिवसातून एक तास स्वच्छ मैदानावर मोकळ्या पायांनी खेळू द्यावे, आणि पावसाळ्यात भिजलेल्या बुटांत दिवसभर पाय कोंडून ठेवण्याऐवजी सँडल घालण्याची परवानगी द्यावी. शिस्त बुटाच्या काळ्या रंगात नसते. व्यापारी बंधू पेढीच्या गादीवर चढताना जोडे उतरवितात, कारण गादी लक्ष्मीचे स्थान. त्यांनी आपल्या दुकानापुढील चार हात पदपथही त्याच आदराने स्वच्छ राखावा. आणि जे लोक गटारात उतरून आपली घाण काढतात, त्यांच्या पायांत गमबूट असल्याखेरीज कोणत्याही सोसायटीने किंवा ठेकेदाराने त्यांस कामास लावू नये. आपले पाय हौसेने उघडे ठेवण्याचा अधिकार, दुसऱ्याचे पाय निरुपायाने उघडे असेपर्यंत, आपणांस पुरता शोभत नाही.

पाय मोकळे करणे सोपे आहे. त्यासाठी बुटाची नाडी सोडावी लागते, इतकेच. भूमी पाय टेकण्याजोगी करणे हे कठीण काम आहे, आणि ते एकट्याचे नाही. दहिसरकरांनी दोन्हींचा आरंभ एकाच दिवशी करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.